गिटार देवापाशी आहे

…आणि तो एक दाणा मात्र पडला नव्हता. गिटारच्या ब्रिजवर, जाड तारेच्या मुळाशी, ओल्या कुंकवाला धरून तो तांदळाचा दाणा उभाच्या उभा राहिला होता — जणू कुणी त्याला तिथे ड्यूटीवर लावलंय. बाकीच्या अक्षता केव्हाच घरंगळल्या होत्या. काही गालिच्यावर, काही घटाच्या मातीत, आणि काही गिटारच्या पोटात. पोटात गेलेल्यांबद्दल दत्तप्रसादला खात्री होती, कारण आईने मघाशी मूठ उधळली तेव्हा आतून एक बारीक, कोरडा आवाज आला होता, एखाद्या वाळूच्या घड्याळाने घसा खाकरावा तसा.

आज दुपारी तीनला ही गिटार बेंडिगोत, तिथल्या पबमधल्या त्याच्या कार्यक्रमाला हवी होती. गिटारला अर्थात हे माहीत नव्हतं. माहीत होतं ते ज्याने ती काल संध्याकाळी स्वतःच्या हातांनी आणून पाटावर ठेवली त्याला, आणि तो आता तिच्यासमोर मांडी घालून, हातातली कॉफी गार होऊ देत, त्या दाण्याकडे बघत बसला होता. खंडेनवमी. आज हत्यारं पुजायची, आणि पुजलेल्या हत्याराला उद्या दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. एवढं साधं कलम. इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाला हे कलम शिकवावं लागत नाही, ते त्याला गोवराच्या लशीबरोबरच टोचलेलं असतं.

पाटावर गर्दी होती. स्क्रूड्रायव्हरचा संच, स्वयंपाकघरातली मोठी सुरी, मुलीची, म्हणजे स्वरदाची, शाळेची कात्री. गवत कापायचं मशीन पाटावर मावेना म्हणून शेजारी वर्तमानपत्रावर उभं होतं, पाती धुऊन, पुसून, हँडलला पिवळी माळ घालून. ऑक्टोबर म्हणजे इथे वसंत, झेंडू मिळत नाही, म्हणून आईने मेलबर्नच्या या उपनगरातल्या, ग्लेन वेव्हर्लीतल्या फूटपाथांच्या कडेची, कुणाच्याच मालकीची नसलेली पिवळी फुलं तोडून आणली होती. त्याची बायको सुरुची दातांच्या दवाखान्यात हायजिनिस्ट होती, पण तिची हत्यारं दवाखान्याची, त्यामुळे ती आणि तिचे पेशंट दोघंही वाचले होते. वर छताला स्मोक अलार्म, त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली — पहिल्या माळेलाच धुपाच्या धुराने तो किंचाळला होता आणि आईने डोळे मिटून हात जोडले होते. तिला वाटलं, देवी लवकर प्रसन्न झाली.

दर वर्षी या दिवशी तिचा फोन यायचा. "दत्तू, कामाचं हत्यार पुजलंस का?" आणि दर वर्षी तो लॅपटॉपला हळदकुंकू लावून फोटो पाठवायचा, कारण आठवड्यातले तीन दिवस तो शेतीची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचे पगार काढायचा, आणि आईच्या हिशेबी तेच त्याचं काम होतं. पहिला अल्बम आला तेव्हाही लॅपटॉप. दुसरा आला, रेडिओवरचा कुणी समीक्षक म्हणाला की ऑल्टर्नेटिव्ह कंट्री संगीतातला हा सगळ्यात अवघडलेला आवाज आहे — आणि ते कौतुक होतं — तेव्हाही लॅपटॉप. कीबोर्डात गेलेलं कुंकू काढायला तो दर वर्षी सुरुचीकडचा एक दात कोरायचा ब्रश वापरायचा. आणि मग या वर्षी ती स्वतःच आली, आणि काल संध्याकाळी पाट पुसता पुसता म्हणाली, "तुझं हत्यार आण." तो लॅपटॉप आणायला वळला. ती म्हणाली, "ते नव्हे रे. तुझं."

तुझं. तिने त्या शब्दावर जोरही दिला नव्हता. पाटाच्या कोपऱ्यात अडकलेलं जुनं मेण नखाने खरवडत ती ते म्हणाली. आणि हा गेला, आणि गिटार घेऊन आला, तान्ह्या मुलाला आणतात तशी, मानेखाली हात घालून. त्या क्षणी कोण म्हणेल की आई, उद्या मला ही लागणार आहे? कुणीच म्हणणार नाही. निदान मी तरी… पण थांब. मी विसरलो होतो का? नव्हतो. पॅसेजमध्ये दिवा लावताना बेंडिगो आठवत होतं, तीन वाजता आठवत होतं, सगळं लख्ख. आणि त्या सगळ्या भरून येण्याच्या तळाशी, अगदी तळाशी, एक छोटासा, चोरटा, गुबगुबीत आनंदही बसला होता — की चला, सुटलो. उद्या गाता येणार नाही. नाइलाज आहे. धार्मिक कारण.

कारण खरी गोष्ट गिटारची नव्हतीच. खरी गोष्ट गळ्यात होती. आता नव्हती, एप्रिलमध्ये होती. डॉक्टरांनी ती पडद्यावर दाखवली होती, स्वरतंतूच्या काठावर बसलेली गुलाबी गाठ, बागेतल्या बाकावर पेन्शनर बसतो तशी निवांत. ती काढली. मग काही आठवडे मौन, ज्याची घरात सगळ्यांना बऱ्यापैकी सवय होऊन गेली. मग थेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून रोज सकाळी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून, सूर धरून बुडबुडे काढणं. चाळिशीला टेकलेला माणूस, दोन अल्बम झालेला, स्वयंपाकघरात उभा राहून बुडबुडे काढतोय आणि मुलगी म्हणतेय, बाबा, मॅनर्स! आवाज परत आला, पण पूर्ण आला नाही. जरा खाली बसलेला, जरा जाडसर, आणि वरच्या अंगाला एके ठिकाणी काहीच नव्हतं. जिना चढताना एक पायरीच नसावी, तसं. पाऊल टाकावं आणि नुसती हवा यावी. साथीदार मर्व्हला त्याने सांगितलं होतं, ऑल गुड. सुरुचीला सांगितलं होतं, हळूहळू येतोय. आईला सांगितलं होतं, सर्दी. आज ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चार माणसांसमोर गायचं होतं, आणि पायरी नव्हती हे फक्त त्याला आणि बुडबुड्यांना ठाऊक होतं.

स्वरदा एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन पाटासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, यू कान्ट टच इट. आजी सेड."

"माहीत आहे."

"इव्हन द लॉनमोवर."

"ते दुःख मी सहन करीन."

"इज द गिटार, लाइक, अस्लीप?"

"सुट्टीवर आहे."

तिने क्षणभर विचार केला. पगार काढणाऱ्याची मुलगी. "पेड लीव्ह?"

सुरुची पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत बाहेर आली. "तू आईंना सांगितलंस का, ती लागणार आहे म्हणून?"

"सांगतो."

"कधी? तीन वाजता? अरे, त्या काही फाशी देणार नाहीत. तुझी हिंमत होत नसेल तर मी सांगते."

"सुरुची, ती तिला हत्यार म्हणाली. माझं हत्यार."

सुरुचीचा हात पर्समध्ये थांबला. ती खाली वाकली, तिने त्याची हनुवटी धरून वर केली. "आ कर."

त्याने केला. ती आत बघत राहिली, ज्या शांतपणे ती दिवसभर लोकांच्या तोंडात बघते त्या शांतपणे, आणि मग दोन बोटं त्याच्या गळ्यावर, बाहेरून, हलकेच ठेवून म्हणाली, "किडलेलं काही दिसत नाही. जा, गाऊन ये." आणि मुलीला घेऊन गेली.

मर्व्हला फोन केला. मर्व्ह सत्तरीच्या पुढचा. आधी मेंढ्यांची लोकर कातरायचा, आता पेडल स्टील गिटार वाजवतो, म्हणजे टेबलासारखी आडवी ठेवून, गुडघ्यांनी, पायांनी, हातातल्या लोखंडी कांडीने. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही कामांत मांडीवर काहीतरी ओरडतच असतं.

"मर्व्ह, माझी गिटार आज येऊ शकत नाही."

"मोडली?"

"नाही. तिची पूजा झालीय. उद्यापर्यंत तिला हात लावायचा नाही."

पलीकडे एक मॅगपाय पक्षी ओरडला. "फेअर इनफ," मर्व्ह म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "माझीची कधी कुणी केली नाही. बायकोने एकदा तिच्यावर मोजे वाळत घातले होते." मग आणखी थोड्या वेळाने, "ड्रमवाल्या केव्हकडे जादा एक आहे, आणायला सांगतो. नो वरीज, डॅझा."

डॅझा. या देशात कुणाचंही नाव पूर्ण ठेवत नाहीत. डॅरेनचा डॅझा होतो, बॅरीचा बॅझा. मर्व्हने पहिल्याच दिवशी 'दत्तप्रसाद' नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढच्या वाक्यात त्याचं डॅझा केलं. पोस्टरवर छापायची वेळ आली तेव्हा झालं डॅझा प्रसाद, आणि तेव्हापासून दूरच्या गावांतले लोक त्याला अदबीने मिस्टर प्रसाद म्हणतात.

गाडीला मात्र कलम लागू नव्हतं. आईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाली, "वाहन थांबवत नाहीत. वाहन देवाचंही चालूच असतं." लिंबं चिरडून ते निघाले. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, त्यात कडाकण्या, घटावर बांधून उरलेल्या गोड, कडक पुऱ्या. "तुझ्या साथीदारांना," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. "आई, तुला ठाऊक आहे ना, मी गिटार वाजवत गातो?"

"म्हणजे?"

"म्हणजे गातानाच. मीच वाजवतो."

"का?" तिने मनापासून विचारलं. "साथीला माणसं मिळत नाहीत का?"

तिच्या डोळ्यांसमोर जे चित्र होतं ते त्याला एकदम दिसलं — गणपतीच्या मंडपातली बैठक, मध्ये गायक, पांढरे कपडे, हात मोकळे, एका बाजूला पेटी, एका बाजूला तबला; आणि गायकाची म्हणून जी काही वस्तू असते, तंबोरा वगैरे, ती मागे कुणीतरी धरलेली. गाणारा कधी स्वतःच्या हमालीचं सामान स्वतः वाजवतो का? तिने त्याची गिटार पाटावर ठेवली होती ती तो आज गाणार नाही म्हणून नव्हे, तर तो गाणारच आहे हे गृहीत धरून. चुकली असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर कनोलाची, म्हणजे इथल्या मोहरीची, पिवळीधमक शेतं सुरू झाली, आणि आई म्हणाली, "अगंबाई, केवढा हा झेंडू," आणि ते राहून गेलं.

हीच वाट. शिकायला या देशात आला तेव्हा तो इथे ट्रेनने आला होता, अकाउंटिंगचा कोर्स, आणि तोही बेंडिगोत, कारण शहराबाहेर शिकलं की कायम राहायला मिळण्यासाठी जास्तीचे गुण मिळायचे. लोक संगीताकडे गुरूच्या ओढीने जातात, प्रेमभंगाने जातात. तो इमिग्रेशन खात्याच्या गुणपद्धतीमुळे गेला. पेट्रोल पंपावर शिफ्ट, समोर पब, पबच्या मागच्या अंगणात दुपारचं गाणं, आणि एका दुपारी रस्ता ओलांडून आलेला तो आवाज… पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी सारंगीला भरपूर बिअर पाजली आहे. शिफ्ट संपल्यावर तो पलीकडे गेला. मर्व्ह म्हणाला, "यू प्ले?" तो म्हणाला, हो — जे खोटं होतं — आणि मर्व्हने त्याला एक गिटार दिली, आणि दोन तास कुणीही त्याला थांबवलं नाही. जगात इतर कुठे हे होईल? ज्याला वाजवता येत नाही त्याला लोक दोन तास वाजवू देतात, आणि मग विचारतात, नेक्स्ट वीक?

मर्व्हनेच सांगितलं की उजव्या हातात काहीतरी आहे. होतंच. तो हात यंत्रमागाचा होता. बाबा जॉबर, माग दुरुस्त करणारे. घर कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. खटक-खटाक, खटक-खटाक, धोटा इकडून तिकडे, दिवसभर, जेवताना, अभ्यास करताना. कंट्री संगीतात ज्याला ट्रेनची लय म्हणतात ती त्याच्या हातात धोट्याची होती, आणि व्हिक्टोरियातल्या कुणालाही आजवर फरक कळलेला नाही. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माग बंद. गावभर. ती शांतता इतकी मोठी असायची की तिच्यात चालायला भीती वाटावी. आणि गंमत म्हणजे त्या शांततेत सगळं गाव ओरडून बोलायचं, कारण बाबांसारख्या सगळ्यांनाच मागावरून बोलायची सवय. बाबा कानापाशी येऊन ओरडायचे, "आज किती शांत वाटतंय नाही!" आता बाबांना फारसं ऐकू येत नाही. पहिला अल्बम त्यांनी हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "हा माग चांगला चाललाय."

आभार कुणाचे मानायचे, हा त्याचा जुना प्रश्न. मेलबर्नमध्ये लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, त्याला ती सवय लागली, इतकी की एकदा गावी गेल्यावर एसटीतून उतरताना तो मोठ्याने 'थँक्यू' म्हणाला आणि ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला — "काय ऱ्हायलं काय आत?" तशी आता त्याची अवस्था झाली होती; जिथून तिथून उतरताना आभार. इमिग्रेशन खात्याचे आभार. धोट्याचे आभार. इचलकरंजीच्या नळाचे तर सगळ्यात जास्त. कारण ज्या गाण्यावर त्याचं सगळं उभं आहे ते 'वॉटर्स कमिंग थर्सडे' हे मुळात नळाचं गाणं: पाणी गुरुवारी येणार, बादल्या मांडून ठेवा, येईलच, मागच्या गुरुवारी आलं नव्हतं तरी येईल. गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी ते दुष्काळाचं म्हणून ऐकलं. एक सहा फुटी माणूस कार्यक्रमानंतर टोपी छातीशी धरून रडला होता आणि म्हणाला होता, मेट, यू गॉट इट एक्झॅक्टली राइट. त्याला कसं सांगणार, की बाबा रे, हे नगरपालिकेचं वेळापत्रक आहे? आणि सांगायची गरज तरी काय. कंट्रीत कुत्रा मरतो आणि माणूस रडतो. ऑल्टर्नेटिव्ह कंट्रीत कुत्रा मरत नाही, तो नुसता माणसाकडे बघत राहतो. एवढाच फरक. त्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'थर्सडे' हा शब्द वर चढतो, एकदम, मोकळा. नेमका तिथे. जिथे पायरी नाही तिथे.

"दत्तू," आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "सर्दी नव्हती ना?"

त्याने आरशात बघितलं. मागे कुणीही नव्हतं.

"कधी कळलं?"

"फोनवर तू हॅलो म्हणालास. मे महिन्यात. म्हटलं, हा कोण? मग तूच निघालास." तिने डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं. "सुरुचीला विचारलं नाही. उगाच तिला खोटं बोलायला लागलं असतं. चांगली मुलगी आहे."

"आई, मी सांगणारच…"

"गळा कसा पाटावर ठेवणार?" ती म्हणाली. "मी विचार केला की. आता माणसाला म्हणायचं, गळा काढून ठेव? मग म्हटलं, त्याच्या जवळचं जे काही असेल ते ठेवू. देवीला काय, पत्ता कळला म्हणजे झालं."

रस्ता सरळ होता आणि त्याला तो नीट दिसेना. त्याने वायपर चालू केले. आकाश स्वच्छ होतं. वायपर कोरड्या काचेवर दोनतीनदा किरकिरले आणि आई म्हणाली, "ते बंद कर. काच खराब होईल."

वायपर बंद करून त्याने विचारलं, "मग आज गळ्यालाही हात लावायचा नाही का?"

"गळ्याचं काही सांगितलेलं नाही," आई म्हणाली, कायद्याचं पुस्तक पाठ असलेल्या माणसाच्या सुरात. "हत्याराला एक दिवस सुट्टी असते. माणसाला कुठली?"

पबच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या सावलीखाली माणसं बसली होती, पंचवीसतीस असतील, टोप्या, बूट, एक बाई विणकाम घेऊन, एक कुत्रा. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर, नारिंगी काठाच्या साडीवर सुरुचीचं जॅकेट घालून, हातात लेमनेडचा ग्लास. तिच्याभोवती क्षणात चार माणसं जमली. मर्व्हने कडाकणी हातात घेतली, उजेडात धरून बघितली, बोटाने वाजवली, कान लावला, आणि मग खाल्ली. "गुड टोन," तो म्हणाला. आईने दत्तप्रसादकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

"आवडली म्हणतोय."

"मग घे म्हणावं आणखी. बारीक आहे किती."

केव्हने जादाची गिटार आणली होती. लाल रंगाची, जरा जास्तच चकचकीत. दत्तप्रसादने ती हातात घेतली आणि वकिलाच्या थाटात विचार केला — ही पुजलेली नाही, ही केव्हची, म्हणजे चालते, कलम मोडत नाही. आईसुद्धा हरकत घेणार नव्हती, तिचं लक्षही नव्हतं, ती विणकामवाल्या बाईला टाका कसा घालायचा ते मराठीत समजावत होती. पट्टा खांद्यावर आला. हात आपोआप जागेवर गेले. आणि त्याबरोबर दुसरंही सगळं जागेवर गेलं. तो ओळखीचा आडोसा, लाकडाची पोटापुढची भिंत, आणि उजव्या हाताचं ते कसब, की आवाज कापायला लागला की तार जरा जोरात मारायची, पायरी नसेल तिथे खटाक करून उडी मारायची, लोकांना वाटतं शैली आहे. किती वर्षं मी… किती वर्षं या मागाच्या आडून गात होतो? बाबा मागावरून ओरडायचे, मी मागाच्या मागून.

त्याने पट्टा काढला. "थँक्स, केव्ह," तो म्हणाला. "आज राहू दे."

"शुअर?"

"आईला वाटतं साथीला माणसं आहेत."

केव्हला काही कळलं नाही, पण तो मागे जाऊन ड्रमवर बसला. मर्व्हने भुवया वर केल्या, खाली आणल्या. पलीकडे कुणीतरी हळूच विचारलं, व्हेअर्स हिज गिटार? आणि मर्व्ह मायक्रोफोनमध्ये, हवामानाचा अंदाज सांगावा तसा म्हणाला, "गिटारला आज सुट्टी आहे. ती देवाकडे गेलीय." लोकांनी माना डोलावल्या. या भागात माणसं असल्या गोष्टी जास्त विचारत नाहीत. कुणाची कोण कुठे गेली असेल सांगता येत नाही. दोघांनी टोप्या काढल्या.

आणि मग तो उभा होता, आणि त्याला हात होते. एवढे मोठे हात त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते. ते कुठे ठेवायचे? खिशात ठेवले तर बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखं, मागे बांधले तर शाळा तपासणीला आल्यासारखं. शेवटी त्याने ते तसेच सोडून दिले, दोन बाजूंना, धुऊन वाळत घातलेल्या बाह्यांसारखे. मर्व्हच्या स्टीलने एक लांब, कलणारा सूर धरला. मागे केव्हने ब्रशने चामडं नुसतं पुसल्यासारखं केलं. आई खुर्चीत पुढे सरकली आणि तिने मांडीवर हाताने ठेका धरायची तयारी केली, एकटीने, मंडपात बसल्यासारखी.

पहिली ओळ खाली होती, सोपी होती, ती आली. खरखरीत आली, पण आली. दुसऱ्या ओळीला त्याला कळलं की अंगणात कुणी हलत नाहीये, विणकामसुद्धा थांबलंय. की पूर्वी लाकडातून फिरून बाहेर जाणारा आवाज आता थेट तोंडातून निघून समोरच्या माणसापर्यंत जातोय, मध्ये कुणी नाही, आणि हे भयंकर आहे. गाण्यात बादल्या मांडल्या. आई जागी आहे, हंडा घासतेय. मागच्या गुरुवारी आलं नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारी आलं नाही. मर्व्ह मागे कुठेतरी वर जायला लागला होता, नेहमीसारखा, वाट दाखवत, पायरीच्या दिशेने, आणि दत्तप्रसादचं सगळं अंग त्या एका शब्दाकडे बघत होतं, जसं रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघत माणूस नेमका त्याच्यातच जातो…

थर्सडे.

आवाज वर गेला नाही. अर्ध्यात तुटला, क्षणभर नुसती हवा आली, कोरडी, आणि मग त्या हवेच्या पलीकडे, अपेक्षेपेक्षा बराच खाली, दुसराच कुणीतरी तो शब्द पूर्ण करून गेला. जाड, घोगरा, थोडा थकलेला, थोडासा… ओळख पटेना. हा कोण? मे महिन्यात आईने फोनवर ज्याला विचारलं होतं, तोच बहुधा. मर्व्हची कांडी तारेवर एक क्षण अडखळली आणि मग, काही न बोलता, खाली उतरली, त्या आवाजापाशी येऊन थांबली. चांगलं झालं की वाईट, ते दत्तप्रसादला कळलं नाही. समोरच्या चेहऱ्यांवरूनही कळेना. एक माणूस टोपीच्या काठाशी खेळत होता, कुत्रा बघत होता, आईचा हात मांडीवर उचललेलाच राहिला होता. कदाचित वाईटच झालं असेल. कदाचित पुढच्या वेळी इथे बोलावणार नाहीत. पण त्या तुटलेल्या जागेत उभं असताना त्याच्या लक्षात आलं की एप्रिलपासून तो आत एक खोली आवरून ठेवत आला होता, गादी झटकून, खिडकी उघडी ठेवून, जुना आवाज कोणत्याही दिवशी येईल म्हणून. आणि आत्ता, या क्षणी, त्याचे कान दाराकडे नव्हते. तो जुना आवाज गेला होता. त्याने वर्षानुवर्षं काय काय दिलं होतं, आणि जाताना निरोपही न घेता गेला होता, आणि त्याच्यावर राग येत नव्हता. छातीत काहीतरी भरून येत होतं ते फक्त आभारासारखं होतं, पत्ता नसलेल्या आभारासारखं. आणि त्या खोलीत हा दुसरा आवाज केव्हापासूनचा, न विचारता, बूट न काढता येऊन बसलेला.

स्टीलने दुसऱ्या कडव्याची वाट मोकळी केली. शब्द त्याला पाठ होते. हा आता ते कसे म्हणतो, हे मात्र अजिबात ठाऊक नव्हतं — आणि ते ऐकायला, श्रोते झुकतात तसा, दत्तप्रसाद जरासा पुढे झुकला.